पॅरिस ते व्हेनिस : रेल्वेच्या प्रवासात घराशी संपर्क कसा ठेवला

पॅरिस, बाझेल, इंटरलाकेन, ऱ्हाईनचा धबधबा, फाडुत्स, इन्सब्रुक आणि व्हेनिस असा आमचा उन्हाळ्यातला प्रवास नुकताच पार पडला. पर्यटन कंपन्यांबरोबर जाणारी मराठी मंडळी ज्या वाटेने युरोप पाहतात, जवळजवळ तीच वाट पत्नीने आणि मी रेल्वेने स्वतंत्रपणे धरली होती. या स्थळांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे मी मुख्यतः फोनविषयी लिहितो. कोल्हापूरला घरी वयोवृद्ध आई होती, तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, आणि तिच्याशी रोज बोलणे व्हावे ही बाब आम्हाला तिकिटांइतकीच महत्त्वाची वाटत होती.

परदेशात फोन चालू ठेवणे ही एकच गरज नसून त्यात तीन निरनिराळ्या गरजा मिसळलेल्या असतात. नकाशा, रेल्वेची तिकिटे आणि व्हॉट्सॲप यांसाठी इंटरनेट लागते. बँकेचा ओटीपी येण्यासाठी आपला भारतीय क्रमांक जिवंत असावा लागतो. आणि घरातील ज्या व्यक्तीकडे स्मार्टफोन नाही तिच्याशी बोलण्यासाठी साधा कॉल करता यावा लागतो. दुकानदार बहुधा यांपैकी पहिल्या गरजेचाच विचार करून पॅक विकतो, त्यामुळे उरलेल्या दोन गरजांचा विचार प्रवाशाने घरीच, निघण्याच्या आठवडाभर आधी करून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही दोघांच्याही फोनमध्ये भारतीय सिम आहे तसेच ठेवले आणि इंटरनेटसाठी युरोपभर चालणारे ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचे सिम, घेतले. आपला फोन ई-सिम घेतो की नाही हे पाहण्यासाठी *#०६# डायल करावे. आयएमईआय क्रमांकांबरोबर ईआयडी नावाचा लांब क्रमांक दिसला, तर ती सोय आहे असे समजावे. ई-सिमचा क्यूआर कोड घरच्या वाय-फायवर, भारतात असतानाच स्कॅन करून घ्यावा, कारण विमानतळावरील वाय-फाय अनेक ठिकाणी आधी मोबाइलवर संकेतांक पाठवते आणि तो संकेतांक मिळण्यासाठीच चालू फोन लागतो. सेटिंगमध्ये तीन गोष्टी नीट पाहाव्यात. भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद असावे. ई-सिमचे डेटा रोमिंग मात्र चालू असावे, कारण प्रवाशांसाठीची ई-सिम बऱ्याचदा तिसऱ्याच देशातील कंपनीची असतात आणि रोमिंगवरच चालतात. तिसरी गोष्ट सर्वात दुर्लक्षित राहते : एका सिमचे इंटरनेट मंदावले की फोनने आपोआप दुसऱ्या सिमवर जावे, अशी एक सोय नव्या फोनमध्ये असते, आणि ती बंद केलेली नसेल तर भारतीय सिमवर महागडा डेटा खर्च होऊ शकतो.

पॅरिसमध्ये काहीच अडचण आली नाही. खरी परीक्षा स्वित्झर्लंडमधील बाझेलला सुरू होते. युरोपीय संघातील कंपनीचे सिम संघाच्या दुसऱ्या देशात जादा आकाराशिवाय वापरता यावे, हा नियम १५ जून २०१७ पासून लागू आहे आणि आता त्याची मुदत २०३२ पर्यंत वाढवलेली आहे. नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन हे देश संघात नसूनही या नियमात आहेत; स्वित्झर्लंड मात्र नाही. पॅरिसहून बाझेलची गाडी सुमारे तीन तासांत पोहोचते, शेंगेन व्हिसा एकच असल्याने सरहद्द जाणवतही नाही, आणि तरीही फोनच्या दृष्टीने आपण वेगळ्याच प्रदेशात आलेले असतो. आमच्या डब्यात नागपूरचे एक कुटुंब होते. त्यांच्या पॅकवर ‘युरोप’ असे लिहिलेले असूनही बाझेल स्थानकात उतरताच त्यांचे इंटरनेट बंद पडले आणि हॉटेलचा पत्ता त्यांनी आमच्या फोनवर पाहिला. म्हणून पॅकच्या नावावर न जाता देशांची यादी उघडावी आणि तीत स्वित्झर्लंड आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. लंडनही त्याच प्रवासात असेल, तर ब्रिटनचे नावही वेगळे शोधावे.

सरहद्दीवर आणखी एक प्रकार घडतो. ऱ्हाईनचा धबधबा स्वित्झर्लंडमध्ये आहे, पण जर्मनीची हद्द अगदी जवळ आहे; फाडुत्स लिख्टेनश्टाइनची राजधानी असली तरी नदीपलीकडे लगेच स्वित्झर्लंड लागते. फोन ज्या टॉवरचा सिग्नल पकडेल त्या देशाचा दर लागतो, आपण उभे कोठे आहोत याला महत्त्व नसते. ज्यांचे सिम फक्त युरोपीय संघापुरते आहे त्यांनी अशा ठिकाणी नेटवर्कची आपोआप निवड बंद करून हव्या त्या देशाचे नेटवर्क हाताने निवडावे, किंवा तेवढा वेळ डेटा बंद ठेवावा. जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टहून धबधब्याकडे येणाऱ्या प्रवाशांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आता आईच्या फोनविषयी. पूर्वी अनेक जण स्काइपमध्ये थोडे पैसे भरून भारतातील साध्या फोनवर कॉल करीत. ती सेवा ५ मे २०२५ रोजी बंद झाली. प्रवाशांची बहुतेक ई-सिम केवळ डेटाची असतात, त्यांना कॉल करण्याजोगा क्रमांक नसतो. म्हणून आम्ही माझ्या भारतीय सिमवर थोडी मिनिटे असलेला आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक घेतला आणि ती मिनिटे केवळ आईसाठी राखून ठेवली. उन्हाळ्यात मध्य युरोपचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार तास. आईचे जेवण रात्री आठला आटोपते, म्हणजे आमच्याकडे दुपारचे साडेचार. त्या वेळी आम्ही मुद्दाम बोगदे नसलेल्या ठिकाणी असू, असा दिवसाचा बेत आखत होतो. वेळ ठरलेली असल्यामुळे आई दिवसभर काळजी करीत बसली नाही. स्वस्तात पडणाऱ्या कोणत्याही पॅकपेक्षा ही ठरलेली वेळ मला अधिक मोलाची वाटली.

पॅक घेताना दोन प्रश्न विचारावेत : त्याचा दिवस भारतीय वेळेनुसार संपतो की स्थानिक वेळेनुसार, आणि मूळ रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपर्यंत पुरते का. रोमिंगचा पॅक घेतला म्हणून मूळ मुदत वाढते असे गृहीत धरू नये. येणारे एसएमएस रोमिंगमध्ये सहसा निःशुल्क असतात, त्यामुळे ओटीपीसाठी वेगळा खर्च येत नाही. मात्र भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केलेले असावे लागते. यूपीआयचे ॲप परदेशात असताना पुन्हा स्थापित करू नये आणि फोनही बदलू नये, कारण नोंदणीच्या वेळी ॲप भारतीय सिमवरून एसएमएस पाठवते आणि रोमिंगमध्ये तो अडकू शकतो. नवे सिम पाहून व्हॉट्सॲपने क्रमांक बदलायचा का असे विचारले, तर नकार द्यावा. जुन्याच क्रमांकावर ते नीट चालते.

क्रमांक साठवताना सर्व भारतीय क्रमांकांपुढे +९१ लावून घ्यावे. घरचा लँडलाइन असेल तर एसटीडी कोडमधील शून्य गाळावे, जसे कोल्हापूरसाठी +९१ २३१. फ्रान्समधील हॉटेलला +३३ लावून फोन करतानाही शून्य गळते, पण इटलीच्या लँडलाइनचे शून्य कायम राहते, आणि व्हेनिसमध्ये हॉटेल शोधताना आम्हाला या माहितीचा उपयोग झाला. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक या सर्व देशांत चालतो. स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १४४ हाही आहे. सिमशिवायच्या फोनवरून ११२ लागतोच असे नाही, जर्मनीत तो लागत नाही, म्हणून जुना फोन ‘अडीअडचणीला’ नेणार असाल तर त्यातही चालू सिम असावे. हे क्रमांक, विम्याचा क्रमांक आणि पॅरिस व बर्न येथील भारतीय दूतावासांचे क्रमांक आम्ही कागदावर लिहून दोघांच्या पाकिटात वेगवेगळे ठेवले होते.

विमानात आणि समुद्रातील मोठ्या जहाजांवर उपग्रहावरून चालणारे नेटवर्क फोन पकडू शकतो. साध्या देशनिहाय पॅकमध्ये ते सहसा नसते आणि त्याचा दर फार चढा असतो, म्हणून तेथे एअरप्लेन मोड लावूनच वाय-फाय वापरावे. परतीचे विमान आमच्यासारखे दुबईमार्गे असेल, तर तेथील वाय-फायवर व्हॉट्सॲपचे संदेश जातात पण कॉल लागत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. आम्ही मुंबईत उतरण्याची वेळ व्हेनिसहून निघण्यापूर्वीच कळवली होती.