लाल खिडकी

मी जुने कॅमेरे दुरुस्त करतो. लाइट लीक, म्हणजे कॅमेऱ्यात नको तिथून उजेड शिरणं, म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं, काळी पट्टी चिकटवली की झालं. हल्ली तर लोक व्हिडिओ बघून, घरीच चिकटवून आणतात. मग तो चिकटा लायटरच्या पेट्रोलनं काढण्यात माझा अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे मागितले की तोंडं वाकडी होतात.

ती मुलगी तशी नव्हती. वारीच्या महिनाभर आधी आजोबांचा आग्फा आयसोलेट घेऊन आली. १९५० च्या दशकातला, घडीचा कॅमेरा. १२० ची, म्हणजे मागे कागद असलेली रुंद फिल्म, एका रोलवर सहा बाय सहाचे बारा फोटो. सोबत ब्लॅक अँड व्हाइटची धुतलेली पट्टीही आणली होती. निम्मी गिऱ्हाइकं फोनवर फोटो दाखवतात. त्यावरून काय डोंबल कळणार? खराबी वाचायची ती निगेटिव्हवर. काळा डाग फोटोच्या चौकटीआतच थांबला असेल, तर उजेड पुढून आलाय, म्हणजे बेलोज (लेन्समागचा घडीचा भाता) नाहीतर शटर. चौकट ओलांडून फिल्मच्या कोऱ्या कडेवर गेला असेल, तर मागून.

आयसोलेट आला की बेलोज फाटलेला असणार हे आम्ही धरूनच चालतो. आग्फानं त्या काळी चामडं न वापरता प्लॅस्टिकचा थर दिलेलं कापड वापरलं. लोहाराच्या भात्यासारखी घडी पडते, तिथे कोपऱ्या-कोपऱ्यांत ते तडकतं. वर फोकसच्या आट्यांमधलं हिरवं ग्रीस दगड झालेलं असतं, ते वेगळंच. दुकानातला दिवा घालवला, दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू दिले आणि बेलोजमध्ये टॉर्च सोडला. पाच चांदण्या. चार कोपऱ्यांत, एक मधल्या घडीवर.

फेव्हिकॉलमध्ये काळा ॲक्रिलिक रंग कालवून दातकोरणीनं लावायचा. पातळच लावायचा, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतात आणि कॅमेरा मिटला की उघडताना नवं भोक पडतं. एक हात, रात्रभर उघडा ठेवून वाळवायचा, मग दुसरा. मुंबईच्या बोरा बाजारात ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद तिसरा हात लावू देत नसत.

त्यानंतर माझी खास चाचणी. तिचा मला फार अभिमान. लाल दिव्याखाली ब्रोमाइड पेपरचा, म्हणजे फोटो छापायच्या कागदाचा, तुकडा कापायचा, फिल्मच्या जागी बसवायचा, मागचं दार लावायचं आणि कॅमेरा गच्चीवर उन्हात फिरवून फिरवून दहा मिनिटं ठेवायचा. पाठीवरची, रोलच्या कागदावरचे फोटोंचे आकडे बघायची लाल खिडकीसुद्धा मी मुद्दाम उघडी ठेवली. पेपर धुतला. पांढराशुभ्र. मुलीला छातीठोकपणे सांगितलं, "घेऊन जा वारीला. आता सुईच्या अग्राएवढा उजेड आत येणार नाही."

एक गोष्ट मात्र तेव्हाच दिसली होती. तिच्या पट्टीवर चौकटीतल्या डागांखेरीज वरच्या कडेला एक काळसर झाक होती. मी म्हणालो, "रोल उन्हात काढलास ना? स्पूलवर सैल गुंडाळला गेला की असंच होतं. सावलीत काढत जा." ती म्हणाली, "काका, मी खोलीतच काढला होता." मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

वारीनंतर ती आली ती रंगीत निगेटिव्ह घेऊन. दिवे घाटाचे फोटो. पताका, वळणावर वळणं, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांच्या कडेनं आत सरकलेला एक पट्टा. निगेटिव्हवर तो मोरपिशी दिसत होता, म्हणजे प्रिंटवर लाल. केशरी नाही. मागच्या दाराच्या फटीतून पांढरा उजेड शिरला की पट्टा बहुधा केशरी-पिवळसर येतो. हा निव्वळ लाल होता. सहाव्या फोटोवर सगळ्यात जाड.

"पाचवा काढून रोल पुढे सरकवल्यावर कॅमेरा कुठे ठेवला होतास?"

तिनं आठवून सांगितलं, "घाटाच्या पायथ्याशी जेवायला बसलो होतो. मिटून गवतावर ठेवला होता. पालथा." पालथा म्हणजे पाठ आभाळाकडे.

मी दार उघडलं. लाल खिडकीभोवती आतून काळ्या मखमलीची गोल चकती असते, रोलच्या कागदाला ती टेकून राहते. चकती झडून गेली होती, नुसता गोंदाचा तपकिरी वळ उरला होता. बाहेरची सरकती झाकणी इतकी सैल की कॅमेरा नुसता हलवला तरी उघडावी. उजेड खिडकीतून शिरून कागदाच्या कडेनं वळसा घालून फिल्मवर जात होता. लाल उजेड.

आणि माझा ब्रोमाइड पेपर! त्याला लाल दिसतच नाही. म्हणून तर आम्ही डार्करूममध्ये लाल बल्ब लावतो. तीस वर्षं त्या बल्बखाली उघडा पेपर हाताळतोय, आणि त्याच पेपरला मी लाल खिडकीची साक्ष विचारली. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मही लालला आंधळ्याच, तिथे ही खिडकी निर्धोक. आजची फिल्म सगळे रंग बघते. हे मला तोंडपाठ आहे. कोणी विचारलं असतं तर भाषण ठोकलं असतं.

मखमलीची नवी चकती कापून बसवली, झाकणीची पत्ती किंचित दाबून घट्ट केली. या वेळी ४०० स्पीडचा अख्खा रोल स्वतःच्या पैशांनी वाया घालवला: अर्धा खिडकी उघडी ठेवून, अर्धा बंद ठेवून, सगळा गच्चीच्या उन्हात. दोन्हीकडच्या कडा स्वच्छ.

मजुरी घेतली नाही. कॅमेरा ओढणीत गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, "काका, मग पहिल्या रोलवर कडेला होतं, तेही हेच का?"

मी म्हणालो, "बहुतेक."