नाण्यावरचे बळ

दरवर्षी एफ.वाय.बी.एस्सी.च्या पहिल्या आठवड्यात मी वर्गात रुपयाचे नाणे वर उडवतो आणि विचारतो, की हातातून सुटून वर जात असताना या नाण्यावर कोणकोणती बळे कार्य करतात? हवेचा विरोध धरू नका, हेही आधीच सांगतो. बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुलेसुद्धा बहुधा सांगतात, की हाताने दिलेले बळ वर आणि गुरुत्वबल खाली. हाताचे बळ हळूहळू संपत जाते, टोकाला दोन्ही समसमान होतात आणि मग गुरुत्व वरचढ ठरते. उत्तर मोठे सुबक आहे, पण साफ चुकीचे आहे. नाणे हातातून सुटले, की हाताचे बळ तिथेच संपते. पुढे वर जाताना, टोकाला आणि खाली येताना त्याच्यावर फक्त गुरुत्वबल असते. हीच मुले न्यूटनचे तिन्ही नियम मात्र घडाघडा म्हणून दाखवतात.

जॉन क्लेमंट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नाण्याचाच प्रश्न घातला होता आणि तिथेही हेच दिसले. पुढे १९९२ साली हेस्टनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बळाच्या संकल्पनेवर एक बहुपर्यायी चाचणी तयार केली, जिच्यात आकडेमोड जवळजवळ नाहीच. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे या व अशा चाचण्यांचे गुण एकत्र मांडले. सत्राच्या सुरुवातीला जे येत नव्हते, त्यातले सत्राअखेरीस किती आले, हा त्यांचा मापदंड होता. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी २३ टक्के निघाले, तर विद्यार्थ्यांना विचार करायला आणि आपसांत बोलायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. म्हणजे आपण तासभर घसा कोरडा करतो, तेव्हा न येणाऱ्यातले तीन चतुर्थांश जिथल्या तिथेच राहते.

हार्वर्डच्या एरिक माझुर यांची पद्धत मी चार वर्षांपूर्वी उचलली. एक प्रश्न फळ्यावर लिहायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा मत नोंदवायचे. आमच्याकडे मत नोंदवायची यंत्रे नाहीत, म्हणून जुन्या जर्नलांच्या पुठ्ठ्यांवर अ, ब, क, ड लिहून घेतले. पहिल्या फेरीत पुठ्ठे चारही अक्षरांत विखुरतात. मग बाकांवर जो गलका उठतो, त्यात ‘अरे, पण हात तर सुटला ना!’ हे वाक्य एखाद्या मुलीच्या तोंडून येते आणि माझ्या पंधरा मिनिटांच्या विवेचनापेक्षा जास्त काम करते.

वर्षाअखेरीस मुलांनी भरलेल्या अभिप्रायांत मात्र ‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात’ असे वाचायला मिळाले आणि मी मनापासून खट्टू झालो. २०१९ साली डेलोरिये आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला हार्वर्डचाच एक प्रयोग त्यानंतर माझ्या वाचनात आला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, टिपणे दोघांना एकच दिली, एका गटाला सफाईदार व्याख्यान आणि दुसऱ्याला स्वतः सोडवायचे प्रश्न दिले, आणि पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल केली. चाचणीत प्रश्न सोडवणारे पुढे होते. आपण जास्त शिकलो, असे मात्र व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटत होते. ओघवत्या व्याख्यानात विद्यार्थ्याला कुठे अडखळावेच लागत नाही आणि न अडखळण्यालाच तो समजणे मानतो. (आम्ही शिक्षकही मानतो; माझा सर्वांत रंगलेला तास मुलांना किती कळला होता, हे मी कधी तपासलेच नव्हते.)

आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, विज्ञान कसे शिकवावे आणि शिकले जाते या विषयात, पीएच.डी. करता येते, पण स्टाफरूममध्ये अजून पहिला प्रश्न येतो तो ‘पोर्शन कसा पूर्ण होणार?’ हा. प्रश्न खोटा नाही. माझी दोन प्रकरणे दरवर्षी घाईत उरकली जातात आणि त्यावर मला अद्याप उपाय सापडलेला नाही. यंदा एवढेच ठरवले आहे, की नाणे उडवण्याआधी २०१९च्या त्या प्रयोगाचे दोन आलेख फळ्यावर काढायचे, मुलांना काय वाटले आणि त्यांना काय आले याचे, आणि मगच पुठ्ठे वाटायचे.