तीन फळ्यांचं दार

मृग लागला की आमच्या गिरगावातल्या खोलीचं दार फुगतं. उघडायला खांदा लावावा लागतो. दर वर्षी आई म्हणते, "यंदा मिस्त्रीला बोलावून रंधा मारून घेऊ." मारत कुणी नाही. कारण दिवाळीपर्यंत दार आपोआप सुकतं, आणि रंधा मारलाच तर मग हिवाळाभर फट.

मित्राने मात्र मारला. गेटवेसमोर त्याची शिडाची छोटी बोट असते. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढून ठेवली, तरी केबिनच्या फळ्या खाचांत अशा घट्ट बसल्या की हलेनात. त्याने वैतागून कडा तासल्या. डिसेंबरात त्याच फळ्या रात्रभर खडखडत होत्या.

बोटीचं दार म्हणजे तीन आडव्या फळ्या. दोन्ही बाजूंच्या खाचांत वरून एकेक सोडायची आणि वरचं सरकतं झाकण ओढून घ्यायचं. जुन्या वाण्याचं दुकान असंच बंद व्हायचं, फक्त तिथे फळ्या उभ्या असत आणि त्यांवर नंबर असत. बोटीवर नंबर नव्हते. मे अखेरीस वळवाची सर आली तेव्हा मी घाईघाईत मधली फळी आतली बाजू बाहेर करून बसवली. या फळ्यांच्या कडा तिरप्या तासलेल्या असतात; उतार बाहेरच्या अंगाला, म्हणजे कौलासारखं पाणी बाहेर निथळतं. माझ्या फळीने ते इमानेइतबारे आत, थेट मित्राच्या गादीवर पोचवलं.

मग त्याच्या डोक्यात कपाटासारखी दोन झडपांची दारं आली. मोह मलाही झाला. चहाचा थर्मास आणायला तीनतीन फळ्या उपसायच्या, त्या कुठेतरी ठेवायच्या आणि त्यांवर कुणीतरी बसायचं! पण बिजागरीवर लाट आदळली तर? फळ्याही काही निर्दोष नाहीत म्हणा. खाचा खाली निमुळत्या असल्या की फळी जराशी उचलताच मोकळी होते. 1979च्या फास्टनेट या ब्रिटनजवळच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने 15 खलाशी गेले; त्यात आडव्या-उलट्या झालेल्या काही बोटींच्या फळ्या निसटून पाणी सरळ केबिनमध्ये शिरलं होतं. म्हणून आता लांबच्या शर्यतींत प्रत्येक फळी दोरीने बोटीला बांधलेली लागते, आणि कडी आतून-बाहेरून दोन्हीकडून लावता यायला हवी.

बोटीच्या दाराचा उंबरठा मात्र मित्राने वाढवला, ते माझ्या आग्रहाने. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्या मावशीचं घर बुडालं. नंतर तिने उंबरठा हातभर उंच केला. ठेचकाळतो सगळे, पण तिचं ऐकतो.

शेवटी झडपांचा बेत राहूनच गेला, फळ्याच ठेवल्या. मिस्त्रीने नव्या प्लायच्या फळ्यांच्या कडांना इपॉक्सी, म्हणजे पाणी रोखणारी राळ, पाजली, खाचेत दोन सूत जागा सोडली, मधली फळी अॅक्रिलिकची केली. आता दार लावूनही केबिनमध्ये उजेड असतो. दोऱ्या मात्र पायात येतात.

आणि प्रत्येक फळीच्या एका अंगाला मित्राने मार्करने ठळक लिहिलंय, 'समुद्र'. ते फक्त माझ्यासाठी.