पाय उचलायला लागली पन्नास वर्षं

पायडल नसलेल्या सायकलला सायकल म्हणायचं का? पण पहिली आली ती तशीच आली. जर्मनीतल्या मानहाइमचा कार्ल फॉन ड्राइस, म्हणजे घराण्याने सरदार आणि नोकरीने जंगलखात्यातला साहेब, हा बाबा १२ जून १८१७ ला लाकडी दांडीवर टांग टाकून बसला, खाली एकामागे एक दोन लाकडी चाकं, आणि निघाला की जमिनीवर पाय मारत! गावाबाहेरच्या घोडे बदलायच्या ठाण्यापर्यंत जाऊन तासाच्या आत परत. वीस किलोच्या वरचं ते धूड, म्हणजे चढावर काय झालं असेल ते विचारूच नका.

गंमत अशी की हँडल होतं, सीट होती, बॅलन्सही जमत होता, मग पायडल लावायला काय धाड भरली होती? तर पायडलवाल्या सायकली नीट बाजारात यायला १८६० चं दशक उजाडलं. मला वाटतं लोकांची हिंमतच होत नसणार, दोन्ही पाय उचलले की आपटलोच म्हणून समजा, असंच वाटत असणार. आपणही शिकताना तेच करतो ना, मागून धरलंय ना, सोडू नको हां, आणि एक पाय कायम खाली लोंबतोय.

मग पॅरिसमध्ये मिशोच्या कारखान्यात पायडल लागलं, पण थेट पुढच्या चाकाला, लहान मुलांच्या तीनचाकीसारखं. चाकांना लोखंडी पट्ट्या, खाली दगडी रस्ते, इंग्रजांनी तिला हाडं खिळखिळी करणारी असं नाव ठेवलं ते काही उगाच नाही. आणि चेन नाही म्हटल्यावर पायडलची एक फेरी म्हणजे चाकाचीही एकच फेरी, मग वेग हवा तर चाक वाढवा, असं करत करत दीड मीटरपर्यंत गेलं. एका फेरीत चार मीटरच्या वर अंतर, मस्तच, फक्त पुढे दगड आला की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर. त्या उंटावर बसून थॉमस स्टीव्हन्स १८८४ ते ८६ मध्ये जगभर फिरला, आपल्याकडे लाहोर, दिल्ली, आग्रा करत कलकत्त्यापर्यंत गेला, धन्य आहे!

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' काढली, चेन मागच्या चाकाला, दोन्ही चाकं जवळपास सारखी. चेन फिरते ते दातेरी चक्र पायडलपाशी मोठं आणि मागच्या चाकापाशी छोटं असलं की वेगासाठी चाक मोठं करावं लागत नाही, इतकं साधं, आणि पाय परत जमिनीला टेकण्याइतके खाली आले. खरा हिरो हाच, माझ्या मते.

तीन वर्षांनी बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. नंतर कळलं की थॉमसन नावाच्या माणसाने तेच १८४० च्या दशकात घेऊन ठेवलं होतं, म्हणून डनलॉपचं रद्द झालं, पण टायरवर नाव कुणाचं राहिलं बघा!