त्यानं काय केलं होतं?

काल रात्री 'क्लोज' बघत होतो, २०२२ चा बेल्जियमचा सिनेमा, १३ वर्षांची दोन जिवलग पोरं, वर्गातल्या पोरी विचारतात तुम्ही जोडी आहात का आणि तेवढ्यानं एकजण दुसऱ्याला टाळायला लागतो.

आई शेजारी चटणीसाठी शेंगा सोलत बसलेली. भाषा कळत नव्हती तिला. मधेच हात थांबवून म्हणाली, "का रं, ह्यानं बोलायचं का सोडलं? त्या पोरानं काय केलं होतं?"

मला उत्तरच देता येईना.

नववीपर्यंत माझ्या बाकावर एकजण होता, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आम्ही हात धरून फिरायचो, मग पोरं हसली आणि मी बाक बदलला. प्रेमच होतं ते, आता कळतंय.

तेव्हा असा सिनेमा मराठीत बघायला मिळाला असता तर मी तिथंच बसलो असतो का?