आमची वाटचाल : जुन्या गाड्या, कोरड्या गाड्या
सांगलीत जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला २०१९ च्या महापुरापासून गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘पाण्यातली नाही ना?’ किंमत नंतर, ॲव्हरेज नंतर. हा प्रश्न आमच्या गळ्यात कुणामुळे पडला ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे आणि पुढे ते सांगणारच आहे. नाव घेणार नाही. आमच्या शंभर फुटी रस्त्यावरच्यांना त्याची गरजही नाही.

सुरुवात २००१ ची. भांडवल माझं, कान मामांचे. मामा नात्यातले नव्हेत. मिरजेत फिटरकी करून आलेले मिस्त्री, अख्खा बाजार त्यांना मामाच म्हणायचा. तेव्हा बाजारात मारुती ८००, पद्मिनी आणि क्वचित एखादी ॲम्बॅसिडर. मामा बॉनेट उघडून हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. टॅपेट वाजतंय की बेअरिंग, तेवढ्यात कळायचं. मग चालू इंजिनाच्या ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरायचे. बॅक कॉम्प्रेशन मारत असेल, म्हणजे इंजिन झिजून आतला वायू झाकणातून जोरात बाहेर येत असेल, तर गाडी परत, मग मालक कितीही ओळखीचा असो.

आज आमच्याकडे स्कॅनर आहे, रंगाची जाडी मोजणारं मीटर आहे. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन दाखवतो. आकडा तीनशेच्या वर गेला की खाली पुट्टी आहे, म्हणजे ठोकलेली जागा भरून रंगवली आहे समजायचं. पण नुसत्या दारांवर मीटर फिरवून काय उपयोग? आपल्याकडच्या पार्किंगमध्ये दार कुणाचंही घासतं. छत धरणारे पिलर बघा, बॉनेटखालचा ॲप्रन बघा, छत बघा. छताला पुट्टी लागली तर पुढचं काही विचारूच नका. मामांचा स्क्रू ड्रायव्हर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि वापरातही आहे. टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप सांभाळणारी साखळी, सैल झाल्याची खरखर अजून कानालाच आधी कळते.

मधली वर्षं धंदा चालला, घर झालं, मुलांची शिक्षणं झाली. त्यात सांगण्यासारखं एवढंच, की २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठं अंतर होतं, तेव्हा रोज दहा किलोमीटर फिरणारा माणूससुद्धा डिझेलच मागायचा. पुढे २०१४ मध्ये डिझेलचे भाव मोकळे झाले, अंतर आटत गेलं आणि तीच माणसं टर्बो, इंजेक्टर, क्लचची बिलं घेऊन आमच्याकडे रडायला आली. आम्ही सांगत होतो. ऐकतंय कोण!

ऐकलं ते तासगावकडच्या एका बाईंनी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा, घर आणि महिन्यातून एकदा कोल्हापूरला लेकीकडे, एवढाच प्रवास. २०१६ साली त्यांना २०१२ ची अल्टो के-टेन दिली. एक लिटरचं पेट्रोल इंजिन, टायमिंगला बेल्ट नाही, चेन. त्यांच्या आधीच्या सँट्रोला बेल्ट होता आणि तो तुटून व्हॉल्व्ह वाकले होते, म्हणून चेन म्हणजे काय हे त्यांना समजावावं लागलं नाही. बाई दरवर्षी सर्व्हिसला आल्या की दोनशे पानी वही टेबलावर ठेवायच्या. तारीख, किलोमीटर, काम, रुपये. ‘पुढचे ब्रेक पॅड’, ‘लोअर आर्मचे बूश’, ‘बॅटरी’, मध्येच ‘उंदरांनी वायर कुरतडली’. ऑइल किती घातलं तेही लिहिलेलं, आणि एकदा आमच्याकडच्या मुलाने बिलात जास्तीचं ऑइल लावलं तेव्हा तिथेच म्हणाल्या, ‘दादा, मागच्या वेळी तीन लिटरला कमीच लागलं होतं.’ जुनी गाडी परवडते का, असं कुणी विचारलं की मी ती वही आठवतो. किंमत एकदाच द्यायची असते. खर्च बघायचा तो पुढच्या पाच वर्षांचा: गावातल्या मिस्त्रीला ती गाडी येते का, पार्ट त्याच दिवशी मिळतो का, चारही टायर एकदम तर बदलावे लागणार नाहीत ना. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी तो टायर म्हातारा झालेला असतो.

आता पुराचं. ऑगस्ट २०१९. कोयनेचा विसर्ग वाढला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, ती कधीच मागे पडली आणि पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ चं पाणी आमच्या फाटकाबाहेर थांबलं होतं, त्या हिशेबाने सगळा रस्ता निर्धास्त होता. रात्रीतून जेवढ्या गाड्या विश्रामबागेकडे उंचावर नेता आल्या तेवढ्या नेल्या. पोरं छातीभर पाण्यातून किल्ल्यांचा डबा डोक्यावर घेऊन बाहेर आली. उरलेल्या गाड्या छतापर्यंत गेल्या. पाणी ओसरल्यावर एकाही गाडीला स्टार्टर मारू दिला नाही, कारण सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि त्या नुकसानीला साधा विमा हात वर करतो. काही गाड्या भंगारात दिल्या. बाकीच्या उघडून, वाळवून, समोरच्या काचेवर ‘पुरातली’ असं पांढऱ्या रंगाने लिहून मिळेल त्या भावाला विकल्या. बँकेचं कर्ज उभं, यार्डात चिखल, आणि मामा त्याच वर्षी घरी बसले. गुडघे गेले होते.

आणि आमच्याच रस्त्यावरचे एक गृहस्थ त्या महिन्यात टोटल लॉसच्या, म्हणजे विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाड्या लिलावात उचलत होते. सीट कव्हर नवीन, मॅट नवीन, आत अत्तर, एनओसी काढून गाड्या लांबच्या जिल्ह्यांत. आणि वर, येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगणार, ‘त्यांच्याकडे जाऊ नका, त्यांचं यार्ड बुडालं होतं.’ बुडालं होतंच! काचेवर आम्हीच लिहिलं होतं ना? वर्षभराने त्या गाड्यांचे सेन्सर, मीटर, पॉवर विंडो बोलायला लागल्या, तेव्हा बाहेरच्या लोकांनी नाव कुणाचं घेतलं? ‘सांगलीची गाडी.’ सांगलीचं एमएच-१० पासिंग दिसलं की भाव पाडून मागायचे. आमची दोन वर्षं त्यात गेली, त्यातलं २०२० तर कुणालाच सांगायला नको. त्या गृहस्थांचं शोरूम आता वातानुकूलित आहे.

तेव्हा गाडी कुठूनही घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुणारा वरचा पट्टा धुतो, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरवा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, डॅशबोर्डखालचे कनेक्टर हिरवे पडलेत का, बघा. आतून अत्तराचा वास जरा जास्तच आला तर मॅट उचला.

कागदांचंही सांगतो. आधीच्या कर्जाची एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेची नोंद, उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. आणि २०२५ पासून जुन्या गाडीवर अठरा टक्के जीएसटी म्हणून जे घाबरवतात, तो डीलरच्या नफ्यावर असतो, गाडीच्या किमतीवर नाही. हे आम्हाला रोज फोनवर सांगावं लागतं.

सध्या यार्डात पेट्रोल वॅगन-आर आहेत, दोन स्विफ्ट आहेत. बाईंची के-टेन परत आली आहे, वहीसकट. त्यांना आता निवृत्तीनंतर थोडी उंच गाडी हवी, चढ-उतार सोपी पडणारी. के-टेनसाठी विचारणा खूप आहे, पण वही वाचायला वेळ नाही म्हणणाऱ्याला ती द्यायची नाही असं त्यांनी बजावलं आहे.