अस्वलाला वाट द्या: अलास्कातल्या ब्रुक्स कॅम्पचे चार दिवस

ताईला ही अस्वलं नंबरांनी ठाऊक होती. अलास्कातल्या कॅटमाय राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नावाची जेमतेम अडीच किलोमीटरची नदी आहे. तिच्या धबधब्यावर २०१२ पासून इंटरनेटवर थेट दृश्य दाखवणारे कॅमेरे लावलेले आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताई घरी पडून होती तेव्हा तिने अख्खा जुलै आणि ऑगस्ट त्या कॅमेऱ्यांसमोर काढला. ४८० म्हणजे ओटिस, म्हातारा, एका जागी तासन् तास शांत बसून राहणारा. ७४७ म्हणजे विमानाचा आकडा शोभावा असा अजस्र नर. १२८ म्हणजे ग्रेझर, पिल्लांसाठी भल्याभल्या नरांच्या अंगावर धावून जाणारी आई. "नीट चालता यायला लागलं की मी तिथे जाणार," ती म्हणाली होती. दोन वर्षांनी, जुलैमध्येच, आम्ही दोघी बहिणी निघालो.

ब्रुक्स कॅम्पला रस्ता जात नाही. अँकरेजहून किंग सॅमनपर्यंत विमान आणि तिथून पाण्यावर उतरणारं छोटं विमान. वीस-पंचवीस मिनिटांत ते नॅकनेक सरोवरावर टेकतं आणि आपण थेट किनाऱ्यावर पाय ठेवतो. किनाऱ्यावर मला पहिल्यांदा दिसले ते ठसे. मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखाच, टाच आणि तळवा स्पष्ट, पण माझे दोन बूट शेजारीशेजारी मावतील एवढा रुंद. पुढच्या पंजाच्या ठशात बोटांपासून चांगलं अंतर सोडून नखांची पाच भोकं. काळ्या अस्वलाची नखं आखूड आणि बाकदार असतात, झाडावर चढायच्या कामाची. तपकिरी अस्वलाची लांब असतात, जमीन उकरायला. ताई त्या ठशाशेजारी बराच वेळ वाकून उभी होती. इतके दिवस बघूनही तिने कधी अस्वलाचा पंजा मोजला नव्हता.

उतरल्यावर लगेच कुठेही भटकता येत नाही. आधी शाळा. तिला 'बेअर स्कूल' असंच म्हणतात आणि ती कुणालाच चुकत नाही. एक छोटी फिल्म, मग रेंजरबाईंचं बोलणं. अस्वलापासून ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर लांब राहायचं. अस्वल आपल्याकडे येत असेल तर अंतर राखायचं काम आपलं, त्याचं नाही. ते वाटेवर आलं तर आपण वाट सोडायची. साध्या पाण्याशिवाय खायचं-प्यायचं काहीही जवळ बाळगायचं नाही. वासाच्या वस्तू, अगदी ओठांना लावायचं मलमसुद्धा, ठरलेल्या कोठीत ठेवायच्या. शेवटी टोपीला लावायला एक छोटा बिल्ला मिळतो. तो टोपीवर असला की रेंजरना कळतं, या माणसाला नियम माहीत आहेत.

"एक बिस्किटही नाही?" ताईने विचारलं. बाईंनी नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं. १९६७ सालची गोष्ट, मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातली. उद्यान १९१० मध्ये झालं, तेव्हापासून तिथे अस्वलाने एकाही माणसाचा जीव घेतला नव्हता. १३ ऑगस्टच्या त्या एका रात्रीत, एकमेकींपासून कित्येक किलोमीटर लांब असलेल्या दोन जागी, दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी, म्हणजे तपकिरी अस्वलांनीच, दोन तरुण मुलींना मारलं. एका जागी उरलंसुरलं अन्न मुद्दाम बाहेर टाकत, म्हणजे पाहुण्यांना अस्वलं बघायला मिळत. दुसऱ्या जागी फिरणारं अस्वल छावण्यांमधल्या कचऱ्याला सोकावलेलं होतं. माणूस असतो तिथे अन्न मिळतं हे त्या दोन्ही अस्वलांना माणसांनीच शिकवलं होतं. त्या काळात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही हॉटेलांच्या कचऱ्याच्या उकिरड्यांवर अस्वलं जेवायला येत, आणि पूर्वी तर तो देखावा बघायला लोकांसाठी बाकं मांडलेली असत. त्या दोन मुलींचं वय एकोणीस होतं. ताईने निमूटपणे खिशातली खोकल्याची गोळी काढून कोठीत ठेवली.

पहिल्या रात्री झोप लागली नाही. तंबूंच्या तळाभोवती विजेच्या तारांचं कुंपण आहे, आणि त्यापलीकडे लगेच सरोवराचा काठ. जुलैत तिथे रात्र अशी होतच नाही, अकरा वाजताही वाचता येईल एवढा उजेड. त्या उजेडात काठाने कुणीतरी चाललं होतं. पाण्यात चुबुक चुबुक, मग खडी सरकल्याचा आवाज, मग एक लांब श्वास. फार जवळ. मी तंबूची चेन उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही धबधब्याकडे निघालो. कॅम्पपासून साधारण दोन किलोमीटर. शेवटचा टप्पा जमिनीपासून उंच बांधलेल्या लाकडी वाटेवरून जातो, पण त्याआधीची पायवाट जंगलातून, जमिनीवरूनच, अस्वलांच्या वाटांना छेदत जाते. दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं, खाली शेवाळ आणि मांडीपर्यंत गवत. या नदीकाठी माणसं निदान ४,५०० वर्षांपासून राहत आली आहेत. त्यांच्या घरांच्या जागी जमीन अजून बशीसारखी खचलेली दिसते. तीही याच नदीतल्या सॅमन माशांवर जगली, याच अस्वलांच्या शेजारी.

आम्ही टाळ्या वाजवत, मोठमोठ्याने बोलत चाललो होतो. अस्वलाला दचकवायचं नाही, आपण येतोय हे त्याला लांबूनच कळू द्यायचं. एका वळणाच्या थोडं आधी आमचं बोलणं थांबलं. का थांबलं ते आठवत नाही, ताईच्या गुडघ्याकडे बघत होते बहुतेक. आणि वळणापलीकडे ती होती.

पंधरा-वीस पावलांवर. डावीकडच्या गवतातून वाटेवर आलेली आणि मागे दोन पिल्लं, या हिवाळ्यात जन्मलेली. तिने आम्हाला आणि आम्ही तिला एकदमच पाहिलं. एक पिल्लू सरळ शेजारच्या स्प्रूसवर चढलं. नखांची खरखर झाली, सालीचे तुकडे खाली पडले. दुसरं, अंगाने लहान, गळ्याभोवती पांढरट पट्टा असलेलं, मागच्या दोन पायांवर उभं राहून आमच्या दिशेने नाक हलवायला लागलं. अस्वल दोन पायांवर उभं राहतं ते हल्ला करायला नाही, वास घ्यायला आणि नीट बघायला. हे शाळेत सांगितलं होतं. पण आई उभी राहिली नव्हती. ती चारी पायांवर होती, डोकं खाली. तिने दोनदा जोरात फुसकारलं आणि मग जबडा वाजवला. टक्, टक्. दाराची कडी पडावी तसा कोरडा आवाज. तोंडाच्या कडेने लाळेची तार लोंबत होती.

माझा हात कमरेच्या स्प्रेवर गेला. त्यात मिरचीचाच तिखट अर्क असतो, दाबून भरलेला, आणि फवारा आठ-नऊ मीटर जातो. ती त्या पल्ल्याबाहेर होती, पण दोन-तीन उड्यांत आत आली असती. पळायचा प्रश्नच नव्हता. तपकिरी अस्वल ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने धावू शकतं. ते अंगावर आलं तरी जागा सोडायची नाही, कारण पुष्कळदा ती धाव नुसती घाबरवायची असते आणि ते मध्येच थांबतं. भिडलंच तर पालथं पडायचं, बोटं मानेमागे गुंफायची, सॅक पाठीवरच ठेवायची आणि निपचित राहायचं. काळ्या अस्वलाने हल्ला केला तर मात्र उलट, जीव खाऊन प्रतिकार करायचा. हे सगळं मला पाठ होतं. त्या क्षणी एवढंच सुचलं की बोलत राहायला हवं, सावकाश, खालच्या आवाजात. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

ताई बोलायला लागली.

"बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा."

अगदी सपाट आवाजात. लहानपणी ती मला पाढे म्हणायला बसवायची, तोच आवाज. बे चोक आठला तिने माझ्या कोपराला धरलं. बे पाचे दहाला आम्ही एक पाऊल मागे सरलो, बे सक बाराला आणखी एक, वाट सोडून उजवीकडच्या गवतात. अस्वलाकडे पाठ करायची नव्हती. तिच्या डोळ्यांत रोखून बघायचंही नव्हतं, म्हणून मी तिच्या पुढच्या पंजांकडे बघत राहिले. नखं फिकट रंगाची होती, मधल्या नखाचं टोक तुटलेलं. बे दाहे वीस झालं आणि ताई न थांबता तीनच्या पाढ्यावर गेली.

तीन पाचे पंधराच्या सुमारास आईने मान फिरवली. घशातून एक बारीक, गुरगुरीपेक्षा हुंकाराच्या जवळचा आवाज काढला. झाडावरचं पिल्लू उलटं, शेपटाकडून खाली उतरलं. मग ती निघाली, आमच्या दिशेला नाही, वाटेने तिरकी, आणि आमच्यापासून दहा-बारा पावलांवरून गेली. ओल्या केसांचा आणि माशाचा वास आला. खांद्यावरचा उंचवटा चालताना डावी-उजवीकडे हलत होता, कानाभोवती डास घोंगावत होते. तिने आमच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. पट्टेवाल्या पिल्लाने मात्र दोनदा वळून पाहिलं आणि मागे पडल्याचं लक्षात आल्यावर धावत सुटलं.

गवत हलायचं थांबलं तरी ताई म्हणत होती. मी म्हटलं, "ताई, गेली ती." तिचा हात बर्फासारखा गार होता.

चूक आमची होती. वळणावर आम्ही गप्प झालो आणि त्या आईला दोन पिल्लांसह अचानक दोन माणसांसमोर यावं लागलं. तिने जे केलं त्यात राग नव्हता, ती आम्हाला बाजूला व्हायला सांगत होती, तिच्याजवळ असलेल्या सगळ्या भाषेत. आम्ही बाजूला झालो, ती गेली. यापेक्षा जास्त काही घडलं नाही हे तिचं देणं आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच फोटोसाठी दोन पावलं पुढे सरकणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून राग येतो. बिघडलं तर जीव बहुतेक वेळा अस्वलाचा जातो. माणसाला जखमी केलेल्या किंवा अन्नाला चटावलेल्या अस्वलाला पुष्कळदा मारूनच टाकतात.

धबधबा कॅमेऱ्यात दिसतो तसाच आहे आणि तसा अजिबात नाही. उंची जेमतेम १.८ मीटर, पण आवाज छातीत बसतो. मचाणावर एका वेळी ४० माणसांनाच सोडतात. खाली सॅमन उड्या मारत होते आणि वरच्या कडेवर एक अस्वल जबडा उघडा ठेवून नुसतं उभं होतं. मासा त्याच्या तोंडात आला तेव्हा आधी हाडं मोडल्याचा आवाज आला, मग दिसलं. त्याने कातडं, अंडी आणि डोकं तेवढं खाल्लं, उरलेला मासा खाली सोडला. तो सीगल आणि धाकट्या अस्वलांनी उचलला. मासे भरपूर असतात तेव्हा ती असंच करतात, सगळ्यात चरबीचा भाग तेवढा घेतात. इथल्या सॉकाय जातीच्या एका सॅमनमध्ये साधारण ४,५०० कॅलरी असतात, आणि हिवाळ्याच्या झोपेत अस्वल आपल्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा गमावतं. ही सगळी धडपड त्या पाच-सहा उपाशी महिन्यांसाठी चालते. ओटिसची नेहमीची जागा रिकामी होती. ताईने चारही दिवस रोज तिकडे पाहिलं, तो दिसला नाही. "म्हातारा झालाय गं," एवढंच ती म्हणाली.

परतल्यावर आम्ही रेंजरबाईंना घडलं ते सांगितलं. त्यांनी वही काढली. कुठे, किती वाजता, पिल्लं किती, कोणत्या बाजूला गेली, स्प्रे वापरला का. ओरडल्या नाहीत. "बोलत राहिलात हे बरं केलंत," म्हणाल्या, आणि पायवाटेच्या तोंडाशी एक माणूस उभा करायला गेल्या.

नदीच्या मुखावर २०१९ पासून उंच पूल आहे. आधी पाण्यावर तरंगणारा पूल होता, आणि अस्वल जवळ आलं की माणसं तासन् तास खोळंबत. आताही पुलाच्या दारांशी थांबावं लागतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही असेच थांबलो होतो. खाली एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात गळ टाकून उभा होता, दोरी ताणलेली, टोकाला चांगला मोठा मासा फडफडत होता. तो फडफडाट ऐकून वरच्या बाजूने एक तरुण अस्वल पाणी उडवत निघालं. माणसाने क्षणाचाही विचार केला नाही, दोरी तोडली आणि मागे सरकला. मासा गेला. अस्वल आलं, त्या जागी तोंड बुडवून शोधलं, काहीच सापडलं नाही, निघून गेलं. गळाचा आवाज म्हणजे आयता मासा, हे त्याला त्या दिवशी तरी कळलं नाही.

आणि मग पलीकडच्या वाळूत ती तिघं आली. गळ्यातल्या पट्ट्यामुळे ताईने लगेच ओळखलं. आम्ही उंचावर होतो, मध्ये नदी, अंतर साठ-सत्तर मीटर तरी. आई गवताच्या कडेला गेली, चारी बाजूंना वास घेतला आणि उताणी पडली. दोन्ही पिल्लं तिच्या छातीवर चढून दूध प्यायला लागली. थोड्या वेळाने वारा फिरला आणि आवाज ऐकू आला. पिताना पिल्लं गुणगुणतात, अखंड, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यासारखं. कॅमेऱ्यावर हे ताईला कधी ऐकू आलं नव्हतं. तिने टोपी काढून हातात धरली होती. मागे दार उघडल्याची कडी वाजली, रेंजरनी हाताने खूण केली की आता जाऊ शकता. पुलावर तीस-एक माणसं होती. गुणगुण थांबेपर्यंत कुणी पाऊल उचललं नाही.